हंगामी माणसाच्या तेवीस बंदुका

मला बंदुकीची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून माझ्याबद्दल भलतासलता समज व्हायला नको. लहानपणी दसऱ्याची तोफ उडाली की मी थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, पदरात शिरत असे. आता तिशी उलटली, तरी तोफेच्या वेळेला मला आतल्या खोलीत काही ना काही काम निघतंच. आणि तरीही त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या सोप्यात तेवीस लष्करी बंदुका भिंतीला टेकून रांगेनं उभ्या होत्या. त्या तिथं कशा आल्या हे मी फौजदारांना सांगितलं, शिरस्तेदारांना सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं. तिघांपैकी एकालाही कळलं नाही. आता तुम्हाला सांगून बघतो. मला स्वतःला ते अजून नीटसं कळलेलं नाही.

मिरजेहून आगगाडी कोल्हापुरात यायला लागून चौदा-पंधरा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. मी दरबारच्या दप्तरात कारकून होतो, म्हणजे हंगामी कारकून. हंगामी ताप चार दिवस असतो, हंगामी आंबा दोन महिने असतो. मी सात वर्षं हंगामी होतो. सबंध दप्तरात माझ्या अक्षराला तोड नव्हती आणि माझ्या मोजदादीत आजवर कुणी चूक काढलेली नव्हती. दर वर्षी दिवाळीच्या आधी कायम होणाऱ्यांची यादी लागायची. तीत माझं नाव नसायचं. यादी मात्र माझ्याकडूनच लिहून घेतलेली असायची, कारण ती लोकांना वाचता यायला हवी असे.

हेही मी मुकाट्यानं गिळलं असतं. पण आमचे सासरे आकाराममामा गारगोटीचे, आणि बोलायला सडेतोड. माझी बायको अंबूबाई बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा झाला, बारसं झालं, सहा महिने होत आले. मी तिला आणायला गेलो, तर मामा सोप्यात पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा दिला, पाऊसपाणी विचारलं आणि मग सरळ मुद्द्यावर आले.

"पावणं, पोरगी आमची कायमची हाय," ते म्हणाले. "हंगामी माणसाच्या घरात धाडायची कशी? कायम व्हा आन न्या की."

दाराआडून अंबूबाई बघत होती. मुलानं माझं बोट घट्ट धरलं होतं. ते मला स्वतःच्या हातानं सोडवावं लागलं. गारगोटी ते कोल्हापूर एवढी वाट मी गाडीवानाकडं पाठ करून बसलो. पोराची आठवण येऊन रडू येत होतं आणि सासऱ्याचा राग येऊन ते दाबावं लागत होतं, असा दुहेरी प्रवास झाला.

त्या वर्षी कायम होण्यासाठी नवा फॉर्म निघाला. वरच्या कुणा साहेबानं त्यात एक नवीन रकाना घातला होता: 'फावल्या वेळेतील आवड'. ज्याला कसला छंद नाही तो माणूस भरवशाचा नसतो, असं साहेबाचं मत. आमचे शिरस्तेदार मनानं चांगले. त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं की ह्या रकान्यात काहीतरी वजनदार लिहा. मागच्या खेपेला एकानं खरं ते, म्हणजे 'झोप' असं लिहिलं होतं आणि त्याचा कागद जागच्या जागी झोपला.

छंद काय लिहावा म्हणून मी गल्लीत विचारलं. तिथंच चुकलं. शेजारचे केरबा तात्या म्हणाले, तालीम लिही. माझ्या दंडाकडं बघून त्यांनीच तो विचार मागं घेतला. कोपऱ्यावरचा शमशुद्दीन शिकलगार, तलवारींना धार लावण्यात ज्याचा हात कुणी धरत नाही, तो म्हणाला, कबुतरं लिहा, माझ्याकडची चार नेऊन ठेवा. आमची थोरली बहीण आक्का माझ्याकडंच राहायची. ती म्हणाली, देवपूजा लिही, म्हणजे निदान सकाळची आंघोळ तरी वेळेवर होईल. असा छंदांचा नुसता बाजार भरला, आणि मी आणखीनच गोंधळून कचेरीत गेलो.

त्या महिन्यात मी दप्तरातल्या एका जुन्या हत्यारांच्या यादीची नक्कल करत होतो. पलटणीची बंदूक, ठासणीची बंदूक, टोपीची बंदूक, असं दिवसभर लिहून हाताला तेच वळण पडलं होतं. फॉर्म पुढं आला आणि माझ्या हातून लिहून गेलं: 'जुन्या लष्करी बंदुकांचा संग्रह करणे'. अक्षर इतकं सुरेख आलं की खोडायला जीव होईना.

शिरस्तेदारांनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि तुमच्याकडं किती आहेत म्हणून विचारलं. मी म्हणालो, सुरुवात आहे. त्यांनी शेजारी शेरा मारला: 'दिवाळीपूर्वी संग्रह पाहण्यात येईल.' संग्रह दिसला तर माझी शिफारस होणार. दिसला नाही तर खोटी माहिती दिली म्हणून घरचा रस्ता. घरी तरी कोण होतं? एकटी आक्का.

आता निदान एक बंदूक पैदा करणं भाग होतं. मी केरबा तात्यांच्या कानावर घातलं. ते माळ्यावर चढले आणि वाकळेत गुंडाळलेलं एक लांबलचक गाठोडं खाली घेऊन आले. त्यांचे वडील पलटणीत होते. सत्तावन्न सालच्या बंडाळीनंतर हत्यारं सरकारात जमा करा म्हणून दवंडी पिटली, तेव्हा म्हाताऱ्यानं ही बंदूक गवताच्या गंजीत लपवली आणि नंतर माळ्यावर चढवली. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं ती खंडेनवमीला तेवढी खाली यायची, हळदकुंकू घ्यायची आणि परत वर जायची. तात्यांची अट एकच होती. त्यांचं नाव कुठं निघता कामा नये आणि बंदुकीची पूजा चुकता कामा नये. मी दोन्ही कबूल केलं. मोठ्या हौसेनं ती खांद्यावर घेतली आणि दोन पावलांत खाली ठेवली, कारण ती माझ्यापेक्षा जड असावी असं वाटलं.

बंदूक घरात ठेवायची तर परवाना हवा, एवढी अक्कल मला होती. मी परवान्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कागदावर दोनच रकाने: शिकार आणि संरक्षण. शोभेला म्हणून बंदूक ठेवणारा माणूस त्या कागदाच्या कल्पनेतच नव्हता. संरक्षण लिहावं तर कुणापासून, हे विचारणार. म्हणून शिकार लिहिलं. त्यासरशी कागद जंगलाकडच्या कचेरीत गेला आणि तिथून प्रश्न आला की जनावर कोणतं. मी घाबरून लहानातलं लहान जनावर लिहिलं, ससा. तिथले कारकून माझ्याकडं कीव आल्यासारखे बघू लागले. पलटणीच्या बंदुकीनं ससा मारल्यावर खायला काय उरतं, असं त्यांनी विचारलं. मला ससा मारायचाच नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग परवाना कशाला? मी परत पहिल्या कचेरीत.

तिथले म्हातारे कारकून समजूतदार निघाले. त्यांनी मला स्टुलावर बसवून घेतलं आणि सावकाश समजावून सांगितलं. बंदूक चालत असेल तर ते हत्यार, आणि परवान्याशिवाय घरात आणलं म्हणजे गुन्हा आधीच घडलेला. चालत नसेल तर ते हत्यारच नव्हे, नुसतं लोखंड. आणि लोखंडाला परवाना लागत नाही. तेव्हा जाणत्या शिकलगाराचा दाखला आणा की ही चालत नाही. मला हायसं वाटलं. घरी येताना अर्ध्या वाटेत लख्ख प्रकाश पडला. ती नुसतं लोखंड ठरली तर माझा संग्रह बंदुकांचा कसा? म्हणजे बंदूक चालली तर तुरुंग आणि न चालली तर हंगामी. मी तसाच माघारी फिरलो, तोवर कचेरी बंद झाली होती.

शमशुद्दीनला दाखला मागितला, तर दसऱ्याच्या तोंडावर त्याच्याकडं तलवारींचा ढीग पडलेला. बंदुकीच्या नळीत डोकावून त्यानं मला आतले पेच दाखवले आणि ही साधी बंदूक नव्हे, असल पलटणीची रायफल आहे असं सांगितलं. पण पुरती तपासल्याशिवाय मी माझं नाव कागदावर घालणार नाही म्हणाला. अष्टमीपर्यंत थांबा. मी थांबलो. पण बंदुका थांबल्या नाहीत.

त्याचं असं झालं. जी गत तात्यांची, तीच निम्म्या गावाची होती. आज्ज्या-पणज्याची एकेक बंदूक कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या वैरणीत दडलेली. ठेवावी तर गुन्हा. सरकारात द्यावी तर इतकी वर्षं कुठं होती म्हणून विचारणार. विहिरीत टाकावी तर दर खंडेनवमीला पूजा घेतलेलं हत्यार, ते पाण्यात ढकलायला हात धजत नव्हता. अशात बातमी फुटली की दरबारचा एक माणूस बंदुका गोळा करतो आणि तसं त्यानं सरकारी कागदावर लिहून दिलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का सडा टाकायला बाहेर गेली, तर उंबऱ्याशी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी, वर नारळ आणि सुपारी. आक्कानं आधी हळदकुंकू वाहिलं आणि मग पोतं सोडून बघितलं.

मी म्हणालो, ही जिथून आली तिथं परत द्यायची. आक्कानं विचारलं, कुणाला? वर ती म्हणाली की आता तिनं हळदकुंकू घेतलंय, नवमी तोंडावर आलीया, अशी दाराबाहेर काढलीस तर मी जेवायची न्हाय. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठायचं ठरवलं. उठलो, तर आक्का कुंकवाचा करंडा घेऊन पायरीवर बसलेली आणि बंदुका दोन.

घटस्थापनेपर्यंत अकरा झाल्या. कसबा बावड्याहून एक उसाच्या मोळीतून आली. कागलकडची एक कडब्याच्या पेंढीत आली. काहींबरोबर चिठ्ठ्या असत. एकीत लिहिलं होतं, हिला तुपाचाच दिवा लागतो. दुसरीत होतं, ही रागीट आहे, तोंड उत्तरेला करू नये. आमचा सोपा पूर्व-पश्चिम असल्यामुळं ते कसंबसं जमलं. सप्तमीला मोजल्या तर तेवीस. कचेरीत मी तोंड मिटून लिहीत बसायचो आणि चपराशी नुसता खाकरला तरी दचकायचो. एकदा शिरस्तेदारांनी संग्रह कसा आहे म्हणून विचारलं. वाढतोय, म्हणालो. ते खूश झाले.

अष्टमीला दुपारी शमशुद्दीन आला, मागोमाग तात्याही आले. मी घाई केली म्हणून त्यानं दाखला आधी लिहिला: 'केरबा तात्यांच्या' हे शब्द मी त्याला खोडायला लावले, आणि उरलं ते असं, की ही बंदूक गंजून निकामी झाली असून कोणत्याही उपायाने चालणार नाही. खाली सही. मग म्हणाला, आता मनाच्या समाधानासाठी मागचा पेच सोडवून आत बघू. पेच जाम होता. त्यानं तात्यांना विचारलं, ही भरलेली तर न्हाय न्हवं? तात्यांनी बापाची शपथ घेऊन सांगितलं की रिकामी आहे. तेव्हा शमशुद्दीननं अंगणात निखारे केले आणि नळीचं मागचं टोक त्यावर धरलं. तात्या शेजारी उकिडवे बसून काहीतरी आठवत होते.

"आबा म्हनायचा खरं," ते मध्येच म्हणाले, "येळ आली तर भरायला वकुत मिळायचा न्हाय. म्हून तयारच ठिवलीया."

पुढं काय झालं ते मी बघितलं नाही. मी आतल्या खोलीत होतो. इतका मोठा आवाज झाला की देवघरातली घंटा आपोआप वाजली. बाहेर आलो तेव्हा शमशुद्दीन काळाठिक्कर होऊन बसला होता, पण धड होता. तात्याही धड होते. धूर विरल्यावर दिसलं की तात्यांच्या छपरावर वेलाला धरलेला कोहळा जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला बळी म्हणून कापायला तो त्यांनी दोन महिने जपला होता. त्याचे तुकडे सगळ्या गल्लीत पडले होते. माझ्या हातात ताजा दाखला होता की ही बंदूक चालणार नाही.

मला वाटलं, आता लोक मला फाडून खाणार. झालं भलतंच. तात्यांनी पागोटं काढून त्या बंदुकीपुढं लोटांगण घातलं. अठ्ठेचाळीस वर्षं उपाशी होती, नवमी उजाडायचीसुद्धा वाट बघितली न्हाय, आपला बळी आपण घेतला, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. तासाभरात चार गल्ल्यांतल्या बायका ताट घेऊन दारात. नवमीच्या सकाळी तर आमच्या घरापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. आक्कानं तेवीस बंदुकांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नारळ फुटत होते. मी माझ्याच घरात अंग चोरून उभा होतो आणि कोण कुठली माणसं मला तीर्थ देत होती.

अशात इंगवले फौजदार आले. गर्दी आपसूक दुभंगली. भक्कम देह, झुपकेदार मिशा, मागं दोन शिपाई. आवाज ठाण्यापर्यंत ऐकू गेला होता आणि ते हत्यारं जप्त करायला आले होते. दारात त्यांनी सगळ्यांच्या वहाणा बघितल्या, थांबले आणि आपले बूट काढले. आक्कानं कपाळाला कुंकू लावलं, ते लावून घेतलं. मग काठीच्या टोकानं दुरूनच एकेक बंदूक मोजली आणि माझ्याकडं वळले.

बंदुका कुणाच्या, असं त्यांनी गर्दीला विचारलं. सगळी गर्दी आमच्या छपराचे वासे निरखायला लागली. मग ते माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे बगा, तुमी शिकलेलं माणूस. ज्येच्या त्येची नावं सांगा, तुमी सुटलासा. न्हाय सांगितली तर नोकरी गेली म्हनून समजा."

अनोळखी माणसांनी आणून टाकलेल्या बंदुका. त्यातल्या कितीजणांची नावं मला ठाऊक होती? एकच. केरबा तात्या भिंतीशी उभे होते. त्यांच्या हातात नारळ होता आणि तो त्यांनी पोटाशी घट्ट धरला होता. मला मुलाचं ते बोट धरणं आठवलं. खरं सांगतो, तात्यांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी त्यांचा भयंकर रागही केला, कारण ते गाठोडं त्यांनी खाली काढलंच नसतं तर आज सोप्यात एकही बंदूक नसती. पण त्या नारळाकडं बघवेना.

"माझ्या आहेत," मी म्हणालो. "सगळ्या. छंद आहे."

फौजदारांनी शिपायांकडं बघितलं. शिपाई जमिनीकडं बघायला लागले. एकानं धीर करून सांगितलं की साहेब, पूजेतलं हत्यार आज हलवायचं कसं? फौजदार म्हणाले, ते मला शिकवू नको. त्यांची स्वतःची तलवारसुद्धा घरी पाटावर होती, म्हणून तर ते जप्तीला काठी घेऊन आले होते. आता पंचाईत अशी, की पंचनाम्यात तेवीस हत्यारं लिहिली तर ती ताब्यात घ्यावी लागणार, आणि ताब्यात घ्यायची तर हात लावावा लागणार. शिपायाचं अक्षर वाईट म्हणून पंचनामा लिहायला मलाच बसवला होता. मी टाक उचलून वाट बघत राहिलो.

शेवटी त्यांनी विचारलं, ह्या गर्दीला विचारलं तर ती ह्यांना काय म्हनंल? देव, आक्का म्हणाली. मग तसंच लिव्हा, फौजदार म्हणाले. मी माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं: 'सदर घरी पूजेतील जागृत दैवते आढळली, नग तेवीस.' त्यांनी सही केली, प्रसाद घेतला, बूट घातले आणि गेले.

देव निघाले म्हटल्यावर कागद देवांचा कारभार बघणाऱ्या कचेरीत गेला. तिथल्या शिस्तीत देवाला पुजारी लागतो, आणि ज्याच्या घरी देव तोच पुजारी. दिवाळीला थोडे दिवस असताना हुकूम आला. मी तो उभ्याउभ्या चारदा वाचला. मला तेवीस दैवतांचा पुजारी नेमलं होतं. नेमणूक कायम. पुढं लिहिलं होतं, 'वंशपरंपरेने'. शेवटी एक कलम होतं की दर वर्षी धनत्रयोदशीला फौजदारांनी मोजदाद करावी आणि नग तेविसाहून एकानेही कमी वा जास्त भरल्यास नेमणूक रद्द समजावी.

मी धावत शिरस्तेदारांकडं गेलो. त्यांनी अभिनंदन केलं आणि माझा फॉर्म परत दिला. देव बाळगणं हा छंद होऊ शकत नाही, त्यामुळं तो रकाना रिकामा धरण्यात आला होता. कारकून म्हणून मी हंगामीच. कायम झालेल्यांची यादी त्यांनी मला लिहायला दिली. ती लिहून झाल्यावर मी गारगोटीला कार्ड टाकलं, 'कायम झालो.' ह्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

धनत्रयोदशीला सकाळी आमच्या दारात बैलगाडी थांबली. अंबूबाई खाली उतरली. किती वाळली होती. मला बघून तिनं पदर डोळ्याला लावला आणि मलाही भरून आलं. पण मुलगा मामांच्या मांडीवर होता आणि मामा काही उतरेनात. गाडीतल्या भाताच्या पेंढ्याखाली वाकळेत गुंडाळलेलं एक लांबलचक गाठोडं होतं. असं गाठोडं कसं दिसतं हे आता मला कुणी सांगायला नको होतं.

"आज्ज्याची हाय," मामा म्हणाले. "माळ्यावर हुती. तुमी आता कायम झालासा, हिची बी सोय लावा."

मी हात जोडले. तेवीसचं कलम सांगितलं, मोजायला आजच फौजदार येणार हे सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही घिऊन मी परत गारगोटीला जायचा न्हाय. जायचंच झालं तर सगळीच जाऊ. मुलगा माझ्याकडं बघून हात हलवत होता. चोवीस झाल्या तर नेमणूक जाणार, नेमणूक गेली की हंगामी, आणि हंगामी म्हटलं की मुलगा परत गाडीत. तेविसांवर थांबावं तरी मुलगा गाडीतच. मी कुठूनही मोजायला लागलो तरी उत्तर तेच येत होतं. इतक्यात गल्लीच्या तोंडाला फौजदारांचा पटका दिसला.

अंबूबाईनं गाडीत हात घालून गाठोडं ओढलं, आक्काला हाक मारली आणि दोघी आत गेल्या. आतून एवढंच ऐकू आलं की घरात झोळी टांगायला एक धड दांडी न्हाय व्हय. मामा तेवढ्यात मुलाला घेऊन चपळाईनं खाली उतरले आणि त्याला आत देऊन आले.

फौजदारांनी बूट काढले आणि काठीनं मोजायला सुरुवात केली. एकवीस, बावीस, तेवीस. पुन्हा एकदा मोजल्या. तेवीसच. मी वर बघितलं. सोप्याच्या दोन तुळयांवर एक जाड, लांब दांडी आडवी टाकलेली होती, तिला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या आणि तिला टांगलेल्या झोळीत माझा मुलगा होता. घाईत एका टोकाला पट्टी पुरली नव्हती. तिथून नळीचं काळं तोंड बाहेर बघत होतं.

फौजदारांची नजर माझ्या नजरेमागून तिथं गेली आणि थांबली. मामा विहिरीवर पाय धुवायला गेले. मी कबूल करायला तोंड उघडलं. मुलगा कुरकुरला. फौजदार दोन पावलं पुढं झाले, एका बोटानं झोळीला झोका दिला आणि तो गप्प होईपर्यंत देत राहिले.

"दांडी मजबूत हाय," ते म्हणाले. "थोरला होईपत्तुर उतरवू नगासा."

मग त्यांनी वहीत 'नग तेवीस' लिहून सही केली. मोजदादीतली माझ्या आयुष्यातली ती पहिली चूक, आणि ती माझ्या देखत दुसऱ्यानं केली. ते गेल्यावर मी हुकूम काढून पुन्हा वाचला. कायम, वंशपरंपरेने. म्हणजे सात वर्षं मान मोडून लिहूनही जे मला मिळालं नाही, ते आठव्या महिन्यात मिळवून माझा मुलगा बंदुकीखाली गाढ झोपला होता. अंबूबाई चुलीपुढं होती, मामा जावयाच्या घरी पहिल्यांदाच मोकळेपणानं पाय पसरून बसले होते. मला तिथंच बसून राहावंसं वाटत होतं. पण साडेदहा वाजत आले होते. मी टोपी घातली, झोळीला एक झोका दिला आणि कचेरीकडं पळत सुटलो, कारण हंगामी माणसाला उशीर करून चालत नाही.